उतारावरची ओल

पुणे, ६ एप्रिल २०२५

ती. बाबांस हेमालीचा शि. सा. न. वि. वि.

घरी रेंज नाही, म्हणून पत्रच. मंगळाच्या फोटोंवरचा माझा लेख या महिन्यात छापायला जाईल. तिथल्या उतारांवर उन्हाळ्यात काळपट ओघळ लांबत जातात, थंडीत पुसले जातात. काही जण म्हणतात, कोरडी वाळू घसरते. मी खारं पाणी लिहिलंय. तीन वर्षांची मेहनत आहे. छापून आलं की नोकरी पक्की. गावोगाव विहिरीची जागा दाखवता, तर हे फोटोही बघा. गोळ्या वेळेवर घ्या, नाहीतर आईकडून चुगली येईलच.

तुमची लाडकी,
हेमाली

गंजाड, १४ एप्रिल

चि. हेमालीस अनेक आशीर्वाद.

फोटो भिंग लावून पाहिले. तुझ्या आईने उलटे धरले आणि तरी छान म्हणाली. पोरी, मला यातलं कळत नाही. पण जागा दाखवताना मी आधी पायथ्याशी जातो. पाणी असेल तर ते तिथे थांबत नाही, सपाटीत पसरतं. तुझा एकही ओघळ सपाटीत उतरलेला दिसला नाही. माझी नजर अधू झालीय, तूच बघ.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
बाबा

पुणे, २ मे

ती. बाबांस शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी रागच आला. मग एकेचाळीस उतार मोजले. उतार मंदावला की ओघळ थांबतो, सगळीकडे. पाणी असं वागत नाही, वाळू वागते. लेख मागे घेतला. सर म्हणाले, आणखी एक वर्ष जाईल. नोकरी दुसऱ्या कुणाला मिळेल. रडले, खोटं कशाला सांगू? पण गप्प बसले असते तर पुढे एकही फोटो नीट बघवला नसता.

माया अशीच असू द्या.
हेमाली

गंजाड, ११ मे

चि. हेमालीस आशीर्वाद.

तुझी नोकरी हुकली, तीही माझ्या पत्रामुळे, याचं फार वाईट वाटलं. पण तुझं वाचून मलाच लाज वाटली. बारा वर्षांपूर्वी सायवनला मी उतारावरची ओल पाहून जागा दाखवली, नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी कोरडा मुरूम लागला, तेव्हाच चूक कळली. आपल्याकडे नारळ फोडणाऱ्याने थांबा म्हटल्याशिवाय खणणारे थांबत नाहीत. मी म्हटलंच नाही. भर वैशाखात माणसं वीस दिवस खणत राहिली.

काल सायवनला जाऊन देवजीला सगळं कबूल केलं. तेव्हा खणणाऱ्यांत तोच पुढे होता. तो म्हणाला की त्यालाही तिसऱ्याच दिवशी कळलं होतं, सगळ्यांनाच कळलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून कुणी कुदळ खाली ठेवली नाही.

दोन दिवस तरी घरी येऊन जा.
तुझे बाबा