अर्धं राहिलेलं वाक्य

प्रिय दादा,

आपलं घर पाडलं. तिथे आता नव्या टर्मिनलचं दार उघडतं, परदेशातून आलेली माणसं तिथून बाहेर पडतात. आपण लहान असताना विमानतळाची भिंत तळ्यापलीकडे होती. धावपट्टी वाढत गेली तशी ती सरकत सरकत आपल्या परसात आली. विमान डोक्यावर आलं की बोलणं थांबवायचं आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढे बोलायचं, ही घरातल्या सगळ्यांची सवय झाली.

नव्या घरावरून विमानं जात नाहीत, तरी बाबा बोलता बोलता थांबतात. आज मी वैतागून म्हटलं, "आता कशाला थांबता?"

"सवय. तिनेच घात केला. त्या दिवशी रागात तुझ्या दादाला म्हणालो, चालता हो माझ्या घरातून. तेवढ्यात विमान आलं, म्हणून थांबलो. आवाज गेला तोवर हा फाटकाबाहेर."

"पुढे काय म्हणणार होतात?"

"पण आधी जेवून घे."

हसावं की रडावं, मला कळेना. आता हे पत्र टपालात टाकत नाही, फोटो काढून लगेच तुझ्या मोबाइलवर पाठवते. बाबा आतल्या खोलीत तुझा नंबर लावतायत. बोलता बोलता ते गप्प झाले, तर या वेळी तेवढं थांब.

तुझी,
धाकटी