गाडीला ऊन लागू नये म्हणून

३ एप्रिल
शेड पाडली. घरमालकाने आधी सांगितलं होतं, पण सांगणारे पुष्कळ काही सांगतात. आज खरोखर पाडली. आता तिथे त्याचा जावई दुकान काढणार. गाडी फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला, उघड्यावर आली. डाळिंबी रंग, आजवर उन्हाचं तोंड न पाहिलेला. दुपारी बोनेटवर हात ठेवला तर चटका बसला. गाडी बोलत नाही म्हणून तिला काही होत नाही असं थोडंच आहे?

घाबरायचं कारण नाही. उभं आयुष्य गोदाम सांभाळण्यात गेलं. पोत्याला ओल लागू दिली नाही. शिक्षण सातवीपर्यंत, पण माल कसा टिकवायचा हे शिकलेल्यांनी माझ्याकडून शिकावं.

महिनाअखेरच्या रविवारी याच गाडीतून अक्काला आणायचं आहे. अक्का म्हणजे सौ.ची थोरली बहीण. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मुलाच्या घरी एका खोलीत पडून असते. बसची पायरी तिला चढवत नाही. आमच्या गाडीची सीट खाली, दार मोठं. सौ.ला शब्द दिला आहे. अक्का बसेल तेव्हा गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसली पाहिजे. हा संकल्प.

४ एप्रिल
गॅरेजच्या मिस्त्रीकडे गेलो. म्हणाला, सावलीत लावा, वॅक्स मारा, चांगलं कव्हर घाला आणि रोज थोडी चालवत जा. पहिल्या तीन गोष्टी पटल्या. चौथी त्याच्या धंद्याची. चालवली की झिजते, झिजली की त्याच्याकडे येते. मी काही दुधखुळा नाही.

५ एप्रिल, दुपार
कोपऱ्यावरच्या झाडाखाली लावली. दाट सावली. बोनेट गार. एवढीशी गोष्ट, पण अक्कल लागते.

६ एप्रिल, सकाळ
झाडावर पक्षी राहतात. हे मिस्त्री बोलला नव्हता.

गाडी ओळखू येईना. दिवसभर खाली बसून ताटावर चमचा बडवला. पक्षी उडतात हे खरं, पण उडताना जास्तच करतात. समोरच्या घरातल्या नर्सबाई रात्रपाळी करून झोपल्या होत्या. त्या खिडकीत आल्या आणि म्हणाल्या, काका, पंगत बसली असेल तर निदान वाढप्यांना तरी हळू बोलू द्या.

गाडी परत उन्हात. झाडाचा विचार मुळातच चुकीचा होता. मिस्त्रीचा.

८ एप्रिल
वॅक्स म्हणजे मेण. डबीत भरून इंग्रजी नाव दिलं की लोक वाटेल ते पैसे मोजतात. घरात मेणबत्त्या होत्या. सौ.च्या दुधाच्या पातेल्यात वितळवल्या आणि ब्रशने गाडीभर थर दिला. चांगला जाड. एक इंच जागा सोडली नाही.

सौ.ने बाहेर येऊन पाहिलं. म्हणाली, झकास झालं, आता फक्त वात लावायची राहिली. पातेल्याबद्दल वेगळं बोलली. ते लिहीत नाही.

९ एप्रिल
दुपारी मेण पातळ होऊन खाली सरकलं आणि संध्याकाळी परत घट्ट झालं. वायपर काचेला चिकटले. दारंही. म्हणजे पक्कं सील झालं, आता धुळीची काय बिशाद.

दार उघडायला स्वयंपाकघरातली सुरी वापरावी लागली. त्यावरचं बोलणंही लिहीत नाही.

११ एप्रिल
कव्हरच्या दुकानात गेलो. काउंटरवरची मुलगी हुशार होती. म्हणाली, आजोबा, साधं कव्हर घेऊ नका, आत दमट हवा कोंडते आणि पत्रा गंजतो. श्वास घेणारं कव्हर घ्या. मुद्दा एकदम पटला. गोदामातही आम्ही थप्प्यांमध्ये हवा खेळती ठेवत असू. किंमत विचारली. किंमत ऐकून कव्हरच्या आधी माझा श्वास अडकला.

१२ एप्रिल
जुन्या गोदामात जाऊन एक ताडपत्री मागून आणली. जाड, हिरवी, उत्तम. फक्त श्वास घेत नव्हती. मग सळई तापवून वीत वीतभर अंतरावर भोकं पाडली. माणसाला श्वास घ्यायला दोन भोकं पुरतात, मी गाडीला शेकड्यांनी दिली.

पाठ मोडली, पण काम झालं. फुकटात. त्या मुलीला जाऊन सांगणार होतो, पण उगाच कुणाचा धंदा कशाला बसवा.

१४ एप्रिल
वाऱ्याने ताडपत्री फडफडते. नर्सबाईंनी पुन्हा खिडकी उघडली. म्हणून दोरीने बांधून टाकली. एक टोक फाटकाला, एक विजेच्या खांबाला, एक नळाला. आता फाटक उघडत नाही, पण आपल्याकडे येतंच कोण?

लाँड्रीवाला आला. इस्त्रीचे कपडे फाटकावरून दिले आणि विचारलं, काका, गाडी पळून जाईल अशी भीती आहे का? त्याची स्वतःची व्हॅन बारा महिने उन्हात. रंग इतका उडालाय की मूळचा कोणता हे त्यालाही आठवत नाही. प्रोटेक्शनबद्दल त्याला चार गोष्टी सांगितल्या. तो म्हणाला, मला ती रोज लागते हो, झाकू केव्हा? कीव आली. अडाणी माणूस.

१७ एप्रिल
पहाटेच एक विचार येऊन धडकला. टायर! रबर उन्हात तडकतं. माल जमिनीला टेकू द्यायचा नाही हा गोदामाचा पहिला धडा आणि मी तोच विसरलो. गाडी विटांवर घेतली, चाकं काढून आतल्या खोलीत कॉटखाली ठेवली. बॅटरीही काढली. उन्हात फुगते म्हणतात. ती स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाशेजारी गारव्याला ठेवली.

सौ.ने विचारलं, अक्काला आणायचंय हे लक्षात आहे ना? म्हटलं, अगं, हे सगळं चाललंय कुणासाठी? ती म्हणाली, मग अक्काला कॉटवरच बसवून आणू, चाकं काय, तिथेच आहेत.

हसलो नाही. असल्या बोलण्याला हसलं की वाढतं.

१८ एप्रिल
डॅशबोर्डला चीर जाते असं पेपरात वाचलं. घरातली ब्लँकेटं आणि जाड चादरी डॅशबोर्डवर, सीटवर, मागच्या काचेला लावल्या. स्टिअरिंगला मफलर गुंडाळला. आम्ही नुसत्या सतरंजीवर झोपतो. पाठीला चांगलं असतं.

मुलाचा फोन आला. गाडी कशी आहे विचारत होता. म्हटलं, एकदम सुरक्षित. चाकं घरात, बॅटरी घरात, अंथरूण गाडीत. तो म्हणाला, बाबा, मग तुम्ही दोघं गाडीत राहा आणि गाडीला घरात झोपू द्या. शिकून शहाणी झालेली मुलं अशी बोलतात.

सौ. अक्काशी फोनवर तासभर बोलली. खोली झाडून घेतली. खिडकीचा पडदा धुतला.

२१ एप्रिल
पाऊस. वेळ नाही, काळ नाही, धो धो पडला. मी निश्चिंत होतो. मग भोकं आठवली.

आणि काचा दोन बोटं उघड्या ठेवल्या होत्या. आतल्या श्वासासाठी.

२२ एप्रिल
ब्लँकेटं पिळून वाळत घातली. एका दिवसाचं ऊन मिळालं तर वाळतील. आज नेमकं ऊन नाही. इतके दिवस नको होतं तेव्हा होतं.

२५ एप्रिल
ताडपत्री सोडली. बाकी गाडी जशीच्या तशी, अगदी जशीच्या तशी. फक्त प्रत्येक भोकाखाली एक ठिपका. पाण्याबरोबर वरची धूळ भोकातून खाली आली, मेणात बसली आणि काल-आजच्या उन्हाने भाजून निघाली. ठिपके एका ओळीत, सारख्या अंतरावर. भोकं मापात पाडली होती हे तरी सिद्ध झालं.

उद्या काथ्याने घासतो. अर्ध्या तासाचं काम.

२६ एप्रिल
ठिपके गेले. रंगही गेला. तेवढ्याच जागचा. आता डाळिंबी गाडीवर पांढरे गोल चकाकतात.

लांबून डिझाइन वाटतं. बरंच लांबून.

नर्सबाई कामावर निघाल्या होत्या. क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, काका, हे अंगावर उठलंय त्याला हात लावू नका, पसरेल.

२७ एप्रिल
काळजी नाही. अक्काची नजर आता तितकीशी चांगली नाही. शनिवारी चाकं लावतो, बॅटरी जोडतो, रविवारी सकाळी निघायचं. जाणं-येणं धरून दुपारच्या जेवणाला घरी. सौ.ला सगळा बेत समजावून सांगितला. ती म्हणाली, बरं.

नुसतं बरं म्हणाली.

२९ एप्रिल, शनिवार
चाकं लावायला दुपार झाली. नट एका डब्यात जपून ठेवले होते. डबा इतका जपून ठेवला होता की शेवटी सौ.लाच सापडला. बॅटरी जोडली. किल्ली फिरवली. कट्, एवढाच आवाज. दुसऱ्यांदा तोही नाही. बॅटरी पिंपाशेजारी गार होती ती कायमचीच गार झाली होती.

मिस्त्री लग्नाला बाहेरगावी. लाँड्रीवाल्याने आणि नर्सबाईंनी धक्का मारला. गाडी जागची हलेना. ब्रेक धरून बसले होते. लाँड्रीवाला घाम पुसत म्हणाला, काका, हिला आता सवयच राहिली नाही.

सौ. दारात उभी होती. दोन शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

३० एप्रिल, रविवार, सकाळ
अक्काचा फोन. मीच उचलला. ती म्हणाली, पहाटेच उठून तयार झाले, चांगली साडी नेसले, खिडकीत खुर्ची टाकून बसले आहे. भाऊजी, तुम्ही निघालात का? म्हटलं, निघतोच आहोत.

 

सौ.ने पर्स घेतली आणि सरळ रस्त्यावर जाऊन लाँड्रीवाल्याची व्हॅन थांबवली. दोन मिनिटं बोलली, पुढच्या सीटवर बसली. मी मागून गेलो. म्हणाली, तुम्हाला यायचंय का? मागे गाठोड्यांत बसावं लागेल. म्हटलं, मी गाडीजवळ थांबतो. ती म्हणाली, थांबा, तिला सोडून तुम्ही जाणार तरी कुठे.

व्हॅन पहिल्या किल्लीला सुरू झाली. उतारावर होती, म्हणून.

संध्याकाळ
अक्का आली. तिच्या मुलाने आणि लाँड्रीवाल्याने खुर्चीसकट उचलून तिला मागच्या दाराने आत ठेवलं होतं, चारी बाजूंनी गाठोडी. हादरा म्हणून बसला नाही म्हणे. उतरताना हसत होती. म्हणाली, गं बाई, इतके दिवस औषधांच्या वासात काढले, आज पहिल्यांदा धुतल्या कपड्यांचा वास आला. परत जाताना याच गाडीने जायचं, असंही ठरवून टाकलं. दोघी बहिणी एकाच उशीवर डोकं टेकून गप्पा मारताहेत. मी चहा केला. पातेल्याला अजून मेणाचा वास येतो. दोघींनी चहा तसाच ठेवला.

१ मे
अक्काची औषधं आणायला गेलो होतो. परत आलो तर गाडीच्या काचेवर कागद. वॉर्ड ऑफिसचा माणूस येऊन डकवून गेला. बेवारस वाहन, सात दिवसांत हलवावे, अन्यथा उचलून नेण्यात येईल, खाली शिक्का.

सौ.ला विचारलं, तू काही बोलली कशी नाहीस? म्हणाली, बोलले की. त्याने विचारलं, ही गाडी कुणी चालवतं का? मी खरं ते सांगितलं.

अक्काला खिडकीतून सगळं दिसत होतं. तिने गाडी ओळखली नाही. कॉटवरून म्हणाली, कुणाची आहे कोण जाणे बिचारी, मालकाने थोडी तरी काळजी घ्यायला नको होती का?

मी बाहेर जाऊन कागद नीट पाहिला. साधा, पातळ कागद. शाईही हलकी. अशा उन्हात दोन दिवसांत उडून जाईल. वर प्लास्टिक लावलं आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या.