एवढंच!

११ जाने. १९९२, जळगाव
मोठ्या कंपनीचा विरोध-अर्ज आला. म्हणे आमच्या धुण्याच्या पावडरीला पेटंट कशाला? एन्झाइम जुनं, मँगेनीज जुनं, दोन्ही ब्लीचमध्ये एकत्र करणं 'कोणालाही सहज सुचण्यासारखं'. कोणालाही! मग केळीच्या चिकाचा डाग आजवर एकाही मायच्या लालानं का नाही काढला? शाळेतली नोकरी सोडून पिंप्राळ्याच्या शेडमध्ये बनियनं बुचकळत बसलो, ते काय हौस म्हणून? पेटंट गेलं तर हेच लोक हीच पावडर विकणार. आमच्या शेडला कुलूप.

२ मार्च
वकीलसाहेबांचं एकच टुमणं: "सर, सुनावणीत जरा अवघड बोला." हो म्हटलं. भागीदार आबा सोबत येणार. केळीची बाग त्यांची, डागही त्यांच्याच मजुरांचे.

१९ मार्च, मुंबईहून परत
माती केली मी.
पेटंटच्या साहेबांनी विचारलं, "धातू घातला की ब्लीच चेततो आणि एन्झाइमलाच मारतो. मग तुमचं कसं जगतं?" झालं! नववीतल्या पोरानं हात वर केल्यासारखं वाटलं मला. म्हणालो, "एका चुलीपाशी दोन जावा आल्या की भांडण. म्हणून धातूच्या दाण्यावर लेप चढवला. तो विरघळेपर्यंत एन्झाइम काम उरकतं. मग धातू जागा होतो."
साहेब हसले. "अच्छा, एवढंच!"
कंपनीचा वकील टुणकन उठला. "साहेबांना जे दोन वाक्यांत कळलं, ते या धंद्यातल्या जाणकाराला सुचणार नाही?"
कुठला लेप गरम पाण्यातच सुटे, कुठला सुटेच ना, किती घाणे फेकले, हे सांगायचं राहूनच गेलं.
बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "मास्तर, तुम्ही ते बठ्ठं सोपं करी टाकं. आते काय उरनं?"

२६ मार्च
निकाल राखून ठेवलाय. लेखी म्हणणं द्यायची परवानगी मिळाली. वकीलसाहेब: "फसलेले प्रयोग लिहा. आणि कृपा करून जावा नकोत."

४ एप्रिल
लिहितोय, फाडतोय. प्रयोग फसला असं लिहिलं की पुढच्याच ओळीत तो का फसला ते उतरतं. ते वाचलं की पुढचं पाऊल शेंबड्या पोरालाही दिसावं. जन्मभर हेच केलं ना मी. आशा नाही वाटत, खरं सांगायचं तर. आबांना कुठल्या तोंडानं...

७ एप्रिल
उद्या टपालात टाकायलाच हवं. एक मसुदा झाला, जमेल तितका किचकट. जेवणं झाल्यावर सौ.ला वाचायला दिला. रसायनशास्त्राचा नि तिचा संबंध नाही, चाचणी चांगली होईल म्हटलं. चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचत राहिली.
मग वर पाहिलं. चेहरा असा खुललेला!
"अहो, मला सगळं कळलं!"
छान, म्हणालो.
पाकीट अजून चिकटवलेलं नाही.