काळ्या पडद्यासमोर वाकलेली माया

शनिवार, संध्याकाळ. हिगाशी-कसाई, जपान

अमेरिकेतल्या त्या कॉलेजच्या कोचबाईंचा व्हिडिओ कॉल आत्ताच संपला. आमच्या टीमकडून खेळ म्हणून दोन वर्षं माझ्या लेकीच्या, मायाच्या मागे होत्या. आज म्हणाल्या, शाळेतल्या मुली घेऊन घडवायला आता वेळ नाही, दुसऱ्या कॉलेजांतल्या तयार खेळाडू पैसे देऊन मिळतात. "तूही आधी छोट्या कॉलेजात खेळ. चमकलीस, की आम्हीच पैसे देऊन बोलावू."

कॉल बंद झाला तरी माया काळ्या पडद्यासमोर वाकली. इथे शाळेत प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर सगळी टीम रिकाम्या कोर्टासमोर आदराने वाकते, अगदी तशीच.

बाहेर आभाळ जांभळं झालंय. मला ती डोळ्यांसमोर दिसतेय, अनोळखी गावांतल्या चकचकीत कोर्टांवर, दर वर्षी नव्या रंगाची जर्सी घालून. वाईट आहे का हे? खेळणाऱ्यांना पैसे मिळायलाच हवेत, असं मीच म्हणायचे ना?

म्हटलं, "अगं, जा की छोट्या कॉलेजात. वर्षभराचाच तर प्रश्न आहे."

ती नेहमीसारखी जपानीत बोलली. "आई, वर्षभरात सोडायचंच आहे, हे मनात ठेवून त्या कोर्टासमोर वाकू कशी?"