शेपटीला खाच असलेला मासा

३ नोव्हेंबर २०१४
नव्या किड्याच्या चौदाच्या चौदा बाटल्या फॉर्मॅलिनमध्ये! स्पिरिटमध्ये एकही नाही. फॉर्मॅलिनने डीएनए खलास. इथल्या लॅबचे प्रमुख प्रोफेसर लिम शांतपणे म्हणाले, "नो डीएनए, नो न्यू स्पीशीज." झालं. दोन वर्षं गेली पाण्यात.

दोष कुणाला देऊ? परदेशी यायच्या आधी औरंगाबादच्या लॅबमध्ये स्पिरिटला एक्साइजचा परवाना लागायचा, तो वर्ष-वर्ष यायचा नाही. म्हणून दिसेल ते फॉर्मॅलिनमध्ये. हाताला तीच सवय. वा, अनघाबाई, अक्कल कुठे गहाण टाकली होतीत?

पण किडा नवाच आहे! बोटभर माशाच्या कल्ल्याला चिकटलेला, टाचणीच्या टोकाएवढा. त्याच्या चिकटायच्या आकड्यांचा असा बाक आजवर कुठल्याच पेपरात नाही. सगळे धुंडाळलेत मी.

५ नोव्हेंबर
पुन्हा मासे धरायला ओढ्यावर गेले. ओढा कुठला! चहूकडे पत्रे ठोकलेत, आत काँक्रीट ओतणं चाललंय. हा मासा मला दुसरीकडे कुठेच मिळालेला नाही.

इथे राहून काम करायचा माझा पास तीस तारखेला संपतो. पेपर नाही तर कॉन्ट्रॅक्ट नाही, कॉन्ट्रॅक्ट नाही तर पास नाही. लेकीची, ऋताची शाळाही माझ्याच पासवर. निशिकांत जहाजावर. फोन लागला की नवरोबांचं एकच, "होईल गं काहीतरी." काय होईल? डोंबल!

६ नोव्हेंबर
अरे देवा, मासा घरातच आहे!

जूनमध्ये ऋता ओढ्यावर सोबत आली होती. हट्टाने एक घेऊन आली. बाल्कनीतल्या टँकमध्ये आहे — टिल्लू. शाळेतून आली की आधी त्याला हाक, मग मला. त्याच्या कल्ल्यांत किडे असणारच. पण कल्ले काढायचे म्हणजे —

नाही लिहवत.

७ नोव्हेंबर
नाही. नाही करणार.

१० नोव्हेंबर
केलं.

ऋता शाळेत होती. सेरंगून भागातल्या दुकानातून तसाच दिसणारा मासा आणून टँकमध्ये सोडला. जात वेगळी, पण नऊ वर्षांच्या पोरीला काय कळणार! टिल्लूला डबीतून लॅबमध्ये नेलं. स्पिरिटची बाटली तयार ठेवलेली. चार तास कल्ल्याची पाती न् पाती उलगडून पाहिली.

काही नाही. एक किडा नाही! घरी येऊन नळ सोडला आणि बाथरूममध्ये ढसाढसा रडले. मासाही गेला, किडाही गेला.

११ नोव्हेंबर
जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, टिल्लूच्या पाण्यात कधी काही घातलं होतंस का गं?

"मीठ," ऋता इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली. "तूच म्हणालीस ना, त्याच्या गळ्याशी किडे असतात? सो आय गेव्ह हिम गुळण्या लाह! मला खोकला झाला की तू देतेस तशा. वाडग्यात, रोज पाच मिनिटं."

मिठाच्या पाण्यात हे किडे गळून पडतात. विद्यार्थ्यांना मीच शिकवते हे! ताटातला भात तसाच राहिला.

२८ नोव्हेंबर
पास वाढला नाही. बॅगा काढल्या. ऋताला आज खरं सांगून टाकलं — टिल्लूला मी मारलं.

"आय नो, आई. त्याच्या शेपटीला खाच होती. ह्याच्या नाही."

मग तेव्हाच बोलली का नाहीस?

"तू बाथरूममध्ये रडत होतीस." बॅगेची चेन लावत म्हणाली, "तुला किडे मिळाले ना पण?"

हो म्हटलं.