खिशातली दोरी

॥ श्री ॥

देवास
२८ जुलै १९८७

तीर्थरूप ताईस,
शरदचा साष्टांग नमस्कार. भावोजींनाही सांगावा.

तुझ्या सांजोऱ्या पोचल्या आणि संपल्याही. मेंटेनन्सच्या खोलीत डबा उघडला की तो कोणाचा हे कोणी विचारत नाही. शालिग्रामने चार खाल्ल्या आणि वर म्हणाला की ताईला सांग, पुढच्या वेळी गूळ थोडा बेताने घाल.

तू कानांचं विचारलंस. खोटं सांगत नाही, डावा आता जवळजवळ गेलाच आणि उजवा त्याच्या मागे निघालाय. इतकी वर्षं प्रेस शॉपमध्ये पत्र्यांच्या ठोकाठोकीत काढल्यावर आणखी काय होणार? पण काम अडत नाही. मशीनवर तळवा ठेवला की कुठलं बेअरिंग बोलतंय ते मला हाताला कळतं. माणसांपुढे तोंडाकडे बघून होला हो म्हणतो. अडचण फक्त लाउडस्पीकरची. त्यावरून माझ्या नावाचा पुकारा होतो आणि मला तो कळत नाही. गेल्या महिन्यात नारायणराव साहेबांनी दोनदा झापलं. त्यांना वाटतं, मी कुठे तरी आडोशाला बिड्या फुंकत असतो.

पण आता देव पावला असं समज. फॅक्टरीत पेजर येणार आहेत. काड्यापेटीहून थोडी मोठी डबी, खिशात बसते. टेलिफोन ऑपरेटर कल्पनाबाईंनी नंबर लावला की आपल्या डबीवर आकडे उमटतात. प्रत्येक खात्याला एक नंबर, जो दिसेल तिथे जायचं. ऐकायचं काहीच नाही, फक्त वाचायचं. माझ्यासाठीच कोणी तरी बनवलंय असं वाटतं.

काळजी करू नकोस. मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
शरद

॥ श्री ॥

धार
५ ऑगस्ट १९८७

चिरंजीव शरद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

शालिग्रामला सांग, गूळ बेताने घालायला मी काही त्याची आई नाही. आणि चार खाणाऱ्याने नावं ठेवू नयेत.

तुझी डबी येईल तेव्हा येईल. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तुझी मशीनंच येतात. मागून ट्रॉली आली, वरून कोणी ओरडलं, तर तुला कळणार कसं? आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर होतास. तुला वाढवलं ते काय लोखंडाखाली सापडायला? भावोजी तुझे म्हणतात, दुकानात गादीवर बसावं. कापड मोजायला कान लागत नाहीत. गिऱ्हाइकाचं न ऐकणं तर इथे गुणच समजतात.

तू हसशील, पण मी ठरवून लिहिते आहे. दसऱ्यापर्यंत वाट पाहीन. तोवर तुझं नीट बसलं नाही, तर धारला यायचं. मान्य नसेल तर साहेबांना सरळ सांग की ऐकू कमी येतं. त्यात चोरी कसली?

प्रकृतीला जप. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
उमाताई

॥ श्री ॥

देवास
६ सप्टेंबर १९८७

तीर्थरूप ताईस,
शरदचा साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला. लिहावंसं वाटत नव्हतं.

पेजर आले. पाण्याच्या टाकीवर अँटेना मीच चढून बसवली. कल्पनाबाईंच्या खोलीत मोठं यंत्र आहे, त्याची वायरिंगही मीच केली. मग प्रत्येक खात्यात फिरून तपासणी झाली. भट्टीच्या पत्र्याखाली आकडे पोचत नव्हते, तिथे आणखी एक अँटेना टाकली. गेटच्या बाहेर मात्र ते चालत नाही. सगळं झालं, मलाही एक मिळाला, मी खिशात घातला. आणि मग कळलं की नंबर आल्यावर तो आधी पीप पीप करतो. ते ऐकून डबी काढायची आणि वाचायची. अख्ख्या शॉपला माझा पेजर ऐकू येतो, एक मला सोडून.

मी दर थोड्या वेळाने खिशातून काढून बघू लागलो. पण हात मशीनमध्ये असले की राहतंच. परवा बॉयलरचा पंप बंद पडला आणि नंबर माझ्या खिशात पडून राहिला. बॉयलर वेळेवर विझवला म्हणून निभावलं. साहेब म्हणाले, लाउडस्पीकरचं निमित्त होतं, आता पेजर दिला तरी तू कामचुकारच. दसऱ्यानंतर मला स्टोअरमध्ये बसवणार आहेत, नट-बोल्ट वाटायला.

दोन पेजर असे आहेत की ते आवाज न करता नुसते थरथरतात. ते मीटिंगमध्ये बसणाऱ्यांसाठी. एक मोठ्या साहेबांकडे, एक नारायणरावांकडे. मागायची माझी छाती नाही. मागायचं तर कान सांगावे लागतील. बहिऱ्याला मशीनपाशी कोण उभं करेल? तूही कोणाला कळवू नकोस, तुला माझी शपथ.

स्टोअरमध्येच बसायचं तर तुझी गादी काय वाईट? येईन म्हणतो.

तुझा,
शरद

॥ श्री ॥

धार
११ सप्टेंबर १९८७

राजमान्य राजश्री नारायणराव साहेब यांस,
सादर नमस्कार. पत्रास कारण की,

आपल्या कारखान्यातला शरद माझा धाकटा भाऊ. त्याने शपथ घातली असताना मी हे लिहिते आहे. शपथ मोडल्याचं पाप माझ्याकडे. तो कामचुकार नाही. त्याला ऐकू येत नाही. कान त्याने आपल्याच प्रेस शॉपमध्ये घालवले आणि नोकरी जाईल या भीतीने कोणाला सांगितलं नाही. आपण पुकारता तेव्हा तो जवळच असतो, हाक तेवढी पोचत नाही.

आपल्याकडे नुसती थरथरणारी डबी आहे असं कळलं. ती मागण्याचा मला अधिकार नाही. त्याला काढायचं असेल तर काढा, पण कामचुकार म्हणून काढू नका. एवढंच मागणं.

आपली नम्र,
उमा

॥ श्री ॥

देवास
२० सप्टेंबर १९८७

सौभाग्यवती उमाबाई यांस,
जानकीबाईचे आशीर्वाद. तुम्ही मला ओळखत नाही. मी नारायणची आई.

तुमचं पत्र त्याला आलं, पण वाचलं मी. तो हिंदी शाळेत शिकला. मराठी बोलतो फर्डी, वाचताना मात्र तांदळातले खडे निवडल्यासारखा अडतो. घरी आणून माझ्या हातात दिलं. मी मोठ्याने वाचलं. हाक पोचत नाही, ही ओळ त्याने पुन्हा वाचायला सांगितली.

त्याचं कारण सांगते. आमचे हे संस्थानच्या तोफखान्यात होते. दसऱ्याच्या सलाम्या देता देता कान गेले. मग ते खुर्चीत पाठमोरे बसून राहायचे आणि लोक म्हणायचे, सरदारांना मग्रुरी आली. मी त्यांच्या मनगटाला सुताची दोरी बांधली आणि तिचं टोक स्वयंपाकघरापर्यंत आणलं. जेवायला बोलवायचं असलं की दोरी ओढायची. ते काम नारायणचं. दोरी हलली की हे मागे वळून हसायचे. पोराला त्याचाच छंद लागला होता, उगीचच ओढायचा. तरीही हे दर वेळी हसायचे.

पत्र वाचून झाल्यावर नारायण माझ्याजवळ येऊन बसला. मग खिशातून ती डबी काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि चालू केली. चालू करताना ती एकदा थरथरते. म्हणाला, "आई, ही दोरीच आहे."

बाई, तुम्ही शपथ मोडलीत ते बरं केलंत. माझ्या मुलाने तुमच्या भावाला न विचारता नावं ठेवली, याचं मला वाईट वाटतं. त्यालाही वाटतं, पण तो साहेब आहे, लिहिणार नाही. म्हणून मी लिहिलं.

कधी देवासला आलात तर घर आपलंच समजावं.

शुभ चिंतणारी,
जानकीबाई

॥ श्री ॥

देवास
३ ऑक्टोबर १९८७

तीर्थरूप ताईस,
शरदचा साष्टांग नमस्कार.

तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं. दोन दिवस प्रयत्न केला, जमलं नाही.

साहेबांनी बोलावलं तेव्हा हिशेब चुकता करायलाच बोलावलं असं समजून गेलो. ते उठून माझ्या समोर आले, तोंड नीट दिसेल असे उभे राहिले आणि सावकाश विचारलं, कुठल्या कानाने जास्त ऐकू येतं. मला रडूच आलं. त्यांनी आपला पेजर माझ्या खिशात घातला, माझा स्वतः घेतला. कल्पनाबाईंनी लगेच यादीत अदलाबदल केली आणि तिथूनच माझा नंबर लावला. छातीशी काही तरी थरथरलं. ताई, ते मशीनच्या भाषेत बोलतं. मला लगेच समजलं.

ट्रॉलीच्या वाटांवर लाल दिवे लावायला साहेबांनी सांगितलंय, म्हणजे तुझी तीही काळजी मिटेल. शालिग्राम मात्र तोंड फुगवून बसला होता. म्हणाला, भिया, पहले बता देता तो हम हाथ हिला देते. इतक्या वर्षांत हे मला सुचलंच नाही की सांगितलं तर कोणी हातही हलवेल.

स्टोअर रद्द झालं. खंडेनवमीला पाने-हातोड्यांबरोबर पेजरचीही पूजा केली. कुंकवाचं कोरडं बोट लावलं, पाणी शिंपडू दिलं नाही. भावोजींना सांग, गादी दुसऱ्या कोणाला द्या. दिवाळीत फॅक्टरी बंद असते तेव्हाच आमचं दुरुस्तीचं काम असतं, त्यामुळे भाऊबीजेला येता येणार नाही. एवढा एक राग मात्र तू माझ्यावर कर.

तुझे उपकार मानत नाही, ते कुठे मोजू? माया असू दे.

तुझा,
शरद

॥ श्री ॥

धार
२७ ऑक्टोबर १९८७

गंगाभागीरथी जानकीबाई यांस,
उमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या घरून निघाले ती सुखरूप पोचले. तुम्ही बांधून दिलेले अनारसे मी बसमधून उतरताच ह्यांनी मागून घेतले. भाऊबीजेला गेटवर काय झालं ते तुम्हाला बोलून सांगताच येईना. म्हणून लिहिते.

भाऊ येत नाही तर आपणच जावं, म्हणून मी तबक घेऊन कारखान्याच्या गेटशी उभी राहिले. त्याला कळवलं नव्हतं. चौकीदाराने आत सोडलं नाही, पण फोन जोडून दिला. कल्पनाबाई भली मुलगी. म्हणाली, थांबा, आत्ता बोलावते.

जानकीबाई, कित्येक वर्षांत माझ्या हाकेला त्याने मागे वळून पाहिलेलं नाही. अंगणातून मी ओरडायची आणि हा पाठमोरा चालत राहायचा. मग मी धावत जाऊन खांदा धरायची. परवा मी तोंडातून शब्द काढला नाही, आणि तो पार लांबच्या शेडमधून पळत आला. हातात भला मोठा पाना. गेटचा नंबर दिसला म्हणून त्याला वाटलं, गेटच मोडलं. धापा टाकत माझ्याकडे न बघताच चौकीदाराला विचारतो, काय बिघडलंय? मी त्याच्यासमोर गेले आणि म्हटलं, "काही नाही रे, मी हाक मारली."

तिथेच गेटमध्ये ओवाळलं. कामाच्या कपड्यांत ओवाळणीला दमडी नव्हती, तर तेवढ्यापुरता म्हणून त्याने पेजरच तबकात ठेवला. आणि ठेवतो न ठेवतो तोच तो थरथरला. अक्षता हलल्या, सुपारी गडगडली, आणि ती थरथर तबकातून माझ्या दोन्ही हातांत आली. आतून कोणी तरी माझ्या भावाला बोलावत होतं. मी तबक पुढे केलं, त्याने आकडे वाचले, माझ्या पायाला हात लावला आणि पेजर घेऊन पळाला.

तुमची दोरी मी माझ्या हातांनी अनुभवली. नारायणरावांना माझा आशीर्वाद सांगा. हे पत्र त्यांना तुम्हीच वाचून दाखवा, आणि लोभ कमी होऊ देऊ नका.

आपली,
उमा