कोमट ताक

२० ऑगस्ट, बुधवार

तवा तापलेला, व्हॅनचा हॉर्न दारात, पार्श्वच्या एकाच पायात बूट — आणि मी उलथनं शोधते आहे! स्वतःच्या घरात. शेवटी पराठा हातानेच उलटला. बोट पोळलं. दोन डबे भरले, दुसरा बूट कॉटखाली सापडला, व्हॅन गेली. मग ओट्याला टेकून उभी राहिले आणि एकटीच हसले.

ओटा माझा! आठ दिवस.

बाईंनी आजपासून अठाई धरली. पर्युषणाचे आठही दिवस फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य वर असेपर्यंत. सासूबाईंना घरात सगळेच बाई म्हणतात, मीही. लग्न झाल्यापासून मी या घरात निवडते, चिरते, लाटते, डबे भरते. गॅस त्यांचा. एखाद्या रविवारी हौसेने मी काही केलंच, तर नेमका त्याच दिवशी त्यांचा उपास निघतो. बाकीचे खातात, बोटं चाटतात. त्या नाही. मी राजुरीच्या शेतकऱ्याची मुलगी. कांदा-लसूण खाऊन वाढलेली — आणि श्रावण सरला की आणखीही काही. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बोलायचं कशाला! उपास करायचा.

आणि काल, जैन स्थानकातून आल्या आल्या, चप्पल काढता काढता: "आठवा दिवस पार पडला तर पारणं तुझ्या हातचं, बिनणी." बिनणी म्हणजे सून, त्यांच्या मारवाडीत.

जिनेशच्या — नवऱ्याच्या — हातातला मोबाईल खाली आला. भाऊंनी — सासऱ्यांनी — टीव्हीचा आवाज बंद केला.

मी भांडी विसळत राहिले. विसळलेलीच.

२१ ऑगस्ट

या दिवसांत हिरवी भाजी नाही. जमिनीखालचं कधीच नाही. टोमॅटो नाही, मिरची नाही, कोथिंबीर नाही, लिंबू नाही. बाहेर मंचरचा बाजार भाज्यांनी ओसंडतो आहे! राहिलं काय? डाळी, बेसन, पापड, वाळवलेल्या मुगवड्या. आणि दोन मुलं, ज्यांना काल जे आवडलं ते आज आवडत नाही.

कॉलेजात अकरावीला कविता शिकवत होते. दुसऱ्या कडव्यापाशी बेसनाच्या गट्ट्यांचं पीठ आठवलं — मोहन घातलं की नाही? मधेच थांबले. मुलींना वाटलं, मॅडम गहिवरल्या.

घातलं होतं. गट्टे मऊ झाले.

संध्याकाळ म्हणजे शर्यत. व्हॅन येते, मी येते, जिनेश दुकान भाऊंवर टाकून येतो, मग भाऊ येतात आणि जिनेश जातो. सूर्य मावळण्याआधी सगळ्यांची तोंडं हलली पाहिजेत. पार्श्व गॅलरीत पहाऱ्याला. "मम्मी, अजून आहे! अर्धा आहे! थोडासाच राह्यलाय!" मी पोळी फुगवते आहे की सूर्य धरून ठेवते आहे, कळत नव्हतं. शेवटचा घास भाऊंचा. त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि गॅलरीतून आवाज: "गेला!"

जिंकलो!

बाई मधल्या खोलीतल्या कॉटवर पडून असतात. दार ओट्याच्या समोर. सगळं दिसतं त्यांना. ऐकूही येतं. कुठला डबा उघडला तेही त्यांना झाकणावरून कळत असणार.

२२ ऑगस्ट

आई आली. राजुरीहून एसटीने, आळेफाट्याला गाडी बदलून, दोन्ही हातांत पिशव्या. मेथी, कांद्याची पात, मोड आलेली मटकी. मी दारातच कपाळाला हात लावला.

"काय गं? ताजी हाय. सकाळची."

"आई, यातलं काहीच चालत नाही."

"मोड बी न्हाय? मटकीनं काय केलंय?"

बाई आतून, पडल्या पडल्या: "या, विहीणबाई."

आई कॉटशेजारी बसली. त्यांचा हात हातात घेतला. "तिसरा दिस ना? नुसतं पानी? आमी एकादशीला दुपारी साबुदाना खाल्ला तरी चारला पोटात कावळं. लई धीराच्या तुमी." मग आवाज खाली, म्हणजे तिच्या हिशेबाने खाली: "आन ही काय करती पोरांना? तुमच्यात खात्यात तरी काय या दिवसात?"

"तुमच्या लेकीला विचारा. घर तीच चालवते आता."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत आहे सगळं. हातात पातेलं होतं म्हणून बरं.

मेथी-मटकी शेजारच्यांना दिली. आईला पापडाची भाजी वाढली. म्हणाली, "लसूण असता तर —" आणि माझ्या डोळ्यांकडे पाहून गप्प झाली. दोनदा घेतली मात्र.

२३ ऑगस्ट

आज बाईंना उठवेना. पाणी मी उकळलं, गार केलं, नेलं. प्यायल्या! पाणीच. पण माझ्या हातचं.

२४ ऑगस्ट, रविवार

सगळं लिहायचं, क्रमाने.

रविवार. सगळे घरी. सकाळीच ठरवलं — मासवडी. आमच्याकडची, राजुरीची. या घरात तिचं नावही घेत नाहीत, नावात मासा आहे म्हणून. मी मुलांना सांगितलं, आज तिकोनी वडी. आत मासा नसतोच, बेसन असतं. पण सारणात कांदा-लसूण हवाच, असं आई मानते. मी खोबरं भाजलं, तीळ भाजले, शेंगदाणे, खसखस. हिंग जरा सढळ. खोबरं जवळजवळ करपेपर्यंत नेलं — तिथे कांद्याचा खमंगपणा भेटतो, हे मी आज शोधून काढलं. माझं स्वतःचं! बेसन शिजवताना हात भरून आला. ओल्या फडक्यावर थापलं, सारण भरलं, वळलं, दाबून तीन धारा काढल्या. कापलं. एकही वडी सुटली नाही. काळा रस्सा, बाजरीची भाकरी.

मुलं बोललीच नाहीत! खात होती. मोक्षाने तिसरी वडी घेतली — मोक्षा, जी सातव्या वर्षीसुद्धा प्रत्येक घासाची चौकशी करते. जिनेश म्हणाला, "हे इतकी वर्षं कुठे होतं?" भाऊ रस्सा ओरपत आतल्या खोलीकडे ओरडले, "अगं ऐकलंस का, बिनणी पास झाली!"

आतून आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "वास आलाय मला. खोबरं छान भाजलंय."

मी हवेत होते. तिखटाने पार्श्वच्या नाकाला पाणी सुटलं होतं. फ्रीज उघडला, ताक घुसळलं, जिरेपूड टाकली, ग्लास भरभरून सगळ्यांना दिले. गार ताक! आमच्याकडे मासवडीवर ताक लागतंच.

मोक्षाने ग्लास तोंडाला लावला आणि खाली ठेवला. "मम्मी, हे तापवलंयस ना?"

"गारच छान लागतं, बाळा."

"मग विदळ झालं! पाठशाळेत शिकवलंय. डाळ आणि कच्चं ताक पोटात एकत्र आलं की त्यात जीव पडतात. मग ते मरतात."

भाऊंचा हात थांबला. जिनेशने ग्लास हळूच ताटापासून दूर सरकवला. पार्श्वने तेवढ्यात सगळं पिऊन टाकलं होतं. ओठावर पांढरी मिशी.

आतून: "बिनणी. ताक तापवलं नव्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. मोक्षा माझ्या तोंडाकडे बघत होती. "नाही, बाई. फ्रीजमधलं दिलं."

मी सगळ्यांचे ग्लास उचलून नेले.

लग्नापासून मी या घरात कोमट ताक पिते आहे. मला वाटायचं, बाईंना थंड सोसत नाही. वरण असो, पिठलं असो, ताक कोमटच. त्या रोज माझ्यासमोर ते तापवत होत्या. मी कधी विचारलं नाही — का?

२५ ऑगस्ट

बाई बोलतात. पाणी मागतात, मुलांचं विचारतात. ताकाबद्दल अक्षर नाही. मीच जवळ जाऊन म्हटलं, "काल चुकलं माझं." त्यांनी मान हलवली. हो की असू दे, कळलं नाही.

दुपारी त्यांचा फोन चालला होता. नणंदेला, पुण्याला. "खुशबू, गुरुवारी पारण्याला ये. सकाळी लवकर नको, आदल्या दिवशीच ये. मूग घेऊन ये तुझ्याकडचे."

मूग. पारणं मुगाच्या पाण्यानेच होतं, आणि मूग आपल्याकडे डबाभर आहेत. परवाच निवडलेत मी.

गेलं माझं पारणं.

२६ ऑगस्ट

तरी आज ताक तापवलं! जेवायला डाळ होती. पातेलं गॅसवर मुद्दाम आपटून ठेवलं — ऐकू जाऊ दे. आणि ताक फाटलं. चोथा वर, पाणी खाली. पार्श्व म्हणाला, "पनीर!"

कॉटवरून: "मंद आच. ढवळत राहायचं, एकाच दिशेने. नजर काढायची नाही."

दुसऱ्यांदा केलं. नजर काढली नाही. मागे कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, मोजल्या नाहीत, डाळीची पेज झाली. पण ताक जमलं! मुलांनी प्यायलं. मोक्षाने ग्लासात बोट घालून तपासलं आणि मान डोलावली, परीक्षकासारखी. मला इतका आनंद का व्हावा? पारणं खुशबू करणार आहे.

झाला मात्र. खूप झाला.

२७ ऑगस्ट, बुधवार

संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस. आणि आजच गणपती बसले! रस्त्यावर ढोल, घरात शांतता. सगळ्यांचा उपास, माझाही. पहिल्यांदाच. कोणी सांगितलं नव्हतं. ओटा रिकामा, फक्त मुलांसाठी खिचडी. सकाळी आईचा फोन. "मोदक केल्यात. पोरं न्हाईत, घर लई गप वाटतंय." पार्श्वने फोन हिसकावला. "आजी, माझे ठेव! पण आजचे उद्या नाही चालणार, मोक्षा म्हणते शिळे होतात. उद्या नवीन कर!" आई इतकी हसली की फोनवर खोकला लागला.

दुपारी भुकेने डोकं दुखलं. बाईंकडे पाहिलं. आठवा दिवस. गाल आत गेलेत, डोळे मात्र लखलखीत. मला म्हणाल्या, "पाणी पी. थोडं थोडं." मी प्यायले. आम्ही दोघी एकाच पातेल्यातलं उकळलेलं पाणी पीत बसलो.  

खुशबू चारला आली. थर्मास, मूग, तूप, सुंठ, गूळ, सगळं बरोबर. "वहिनी, तू आता आराम कर हं. उद्याचं मी बघते." चांगली आहे ती. म्हणूनच टोचलं.

संध्याकाळी वर्षभराच्या चुका आठवण्याचं प्रतिक्रमण झालं आणि खमतखामणा सुरू झाला. घरातला प्रत्येकजण प्रत्येकाची क्षमा मागतो. भाऊ नातवाची, नातू भाऊंची. पार्श्व म्हणाला, "दादा, मी तुमच्या चष्म्यावर बसलो होतो." भाऊंना हे आजच कळलं! बाईंना जिनेशने धरून उभं केलं. त्या माझ्यासमोर आल्या. हात जोडले, माझ्याहून आधी. "वर्षभरात मनाने, वाचेने, कायेने दुखवलं असेल, बिनणी, तर क्षमा कर." सगळ्यांना हेच म्हणतात. पण थांबल्या. मग म्हणाल्या, "वर्षभरात नाही. लग्नापासून."

मी त्यांच्या पाया पडले. 

खुशबूचे मूग ओट्यावर आहेत. मी आपल्या डब्यातले मूठभर काढून शेजारी ठेवलेत. उद्या सूर्य उगवला की तेही शिजवणार. कोणी प्यायलं नाही तर मी पिईन. माझंही पारणं आहेच की!

२८ ऑगस्ट

सकाळी बाई स्थानकात जाऊन आल्या. खुशबूने वाटी पुढे केली. "ही तू पी, लेकी, प्रवास करून आलीस," म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या, "तुझं आण." मुगाचं पाणी माझ्या हातून प्यायल्या, पूर्ण वाटी. मग सगळ्यांना बसवून सांगितलं: साध्वी महासतीजींकडून आज नेम घेतला आहे — यापुढे जन्मभर चूल पेटवायची नाही, स्वयंपाक करायचा नाही. जिनेश म्हणाला, "बाई, अगं मग तू जेवणार कुणाच्या हातचं?" त्यांनी रिकामी वाटी माझ्या हातात दिली. दुपारपर्यंत त्यांना काय काय चालेल ते मी विचारून घेतलं आणि कुकर लावला.